विचारायचं कुणाला?

भारतातल्या इंटरनेटचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर त्यात पालघरचं नाव निदान दोनदा येईल. दोन्ही प्रसंग तिथल्या माणसांना विसरावेसे वाटतील असे आहेत.

पहिला नोव्हेंबर २०१२ मधला. बाळासाहेब ठाकरे यांचं १७ तारखेला निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती आणि मुंबई परिसरात कडकडीत बंद होता. पालघरमधल्या एका एकवीस वर्षांच्या तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांचा दवाखाना फोडला. १९ तारखेला पोलिसांनी अटक केली ती मात्र या दोन मुलींना. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ त्यांच्यावर लागलं. देशभर गदारोळ उठला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि श्रेया सिंघल नावाची एक तरुणी या अटकेच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं.

दुसरा प्रसंग १६ एप्रिल २०२० च्या रात्रीचा. टाळेबंदी सुरू होती. मुंबईहून सुरतला एका अंत्यविधीसाठी निघालेल्या जुना आखाड्याच्या दोन साधूंची गाडी पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातल्या, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीला लागून असलेल्या गडचिंचले गावात अडवली गेली. जमावाने साधूंना आणि गाडीच्या चालकाला पोलिसांच्या देखत ठार केलं.

पहिल्या वेळी एका मुलीने मत मांडलं म्हणून यंत्रणा तिच्यावर धावून गेली. दुसऱ्या वेळी गावं दिवसचे दिवस खोट्या बातमीवर जागत राहिली, आणि खरं काय ते सांगायला तिथे कुणी वेळेवर पोचलंच नाही. सामाजिक संस्थांना ‘डिजिटल सुरक्षा आणि अपमाहिती’ याचं प्रशिक्षण द्यायचं असं आज सगळीकडे बोललं जातं. पालघर जिल्ह्यात त्याचा अर्थ लावायचा, तर तो या दोन घटनांच्या मधे कुठेतरी शोधावा लागतो.

एक अफवा, तीन अंक

गडचिंचलेची गोष्ट एका रात्रीची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती तीन अंकांत घडली. त्याआधीचे काही दिवस डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात बातमी फिरत होती की रात्री चोर येतात, मुलं पळवणारे येतात, किडन्या काढणारी टोळी फिरते. गावकरी काठ्या घेऊन रात्रीचा पहारा देत होते. १४ एप्रिलला सारणी परिसरात मदतकार्य करून परतणाऱ्या एका डॉक्टरच्या पथकावर आणि त्यांच्या सुटकेला गेलेल्या पोलिसांवर जमाव चालून गेला. ही धोक्याची घंटा होती. ती वाजून गेल्यावर दोन दिवसांनी गडचिंचले घडलं.

तिसरा अंक त्यानंतरचा. हत्येची चित्रफीत देशभर गेली आणि तिच्यातला ‘ओये, बस’ असा आवाज ‘शोएब’ म्हणून ऐकवला गेला. या घटनेला धार्मिक रंग चढू लागला. सत्यपडताळणी करणाऱ्या संकेतस्थळांनी ध्वनी तपासून खुलासे केले. शेवटी २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लीम नाही हे सांगितलं. म्हणजे अफवेने आधी माणसं मारली, आणि मग त्या मृत्यूंमधून नवी अफवा जन्माला आली. पहिल्या अफवेला वेळेवर पोचेल असं उत्तर मिळालं नाही. दुसरीला उत्तर द्यायला गृहमंत्र्यांना यावं लागलं.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं गेलं. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरून मूल उचलतात आणि मग परत आणून देऊन पालकांना सावध करतात, अशी ती. शेवटचा, मूल परत देण्याचा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने हालचाल केली. पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण आली, एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. ७ एप्रिल २०२० रोजी तर अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम झाला. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले झालं. कंपनीने नळ बारीक केला तरी पाण्याला दुसरी वाट होती. पाड्यावर मोजक्याच घरांत मोठा फोन असतो. संदेश त्या फोनवर येतो आणि पुढे तोंडानेच जातो. तोंडी बातमीवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण उमटत नाही.

इथे भीती खोटी नसते

मुंबईहून येणाऱ्या प्रशिक्षकाचा पहिला कल लोकांना ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगण्याकडे असतो. पालघर जिल्ह्यात हे वाक्य टिकत नाही, कारण इथल्या बहुतेक अफवांच्या पायाशी काहीतरी खरं असतं.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. महिनोन्महिने ते थांबेनात. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्यानंतरच्या धावपळीत एका लहान मुलीचा जीव गेला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. शाळा उघड्यावर भरल्या. अशा वेळी ‘अमुक तारखेला मोठा भूकंप होणार’ असा संदेश आला, तर त्यावर विश्वास ठेवणारा माणूस भोळा नसतो. त्याच्या भिंतीला खरंच तडा गेलेला असतो. त्याला सांगायला हवं ते असं की धक्के खरे आहेत, पण तारीख सांगणारा खोटा आहे, कारण भूकंपाची तारीख आधी सांगण्याचं शास्त्र अजून जगात कुणाकडेच नाही.

बोईसर-तारापूरकडे आलं की भीतीची जात बदलते. इथे एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आहेत आणि किनाऱ्याला अणुऊर्जा केंद्र आहे. केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, वीज देणाऱ्या देशातल्या पहिल्या. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. जानेवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. बोईसरच्या चाळींमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार राहतात. रात्री वास आला, भोंगा वाजला, की प्रत्येकाच्या गावाकडच्या ग्रुपवर आपापल्या भाषेत एक बातमी जाते. अणुऊर्जा केंद्राचा आपत्कालीन सरावही नीट कळवला गेला नाही, तर त्यातून घबराट होऊ शकते. कारखान्याकडून माहिती उशिरा येते, आणि तोवर जी पोकळी राहते तिच्यात जे पडेल ते उगवतं.

डहाणूला वाढवण बंदर येतंय. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बुलेट ट्रेन जातेय, मालवाहतुकीची रेल्वेमार्गिका जातेय, द्रुतगती महामार्ग जातोय. कुणाची किती जमीन जाणार, मोबदला कुणाला मिळणार, मच्छीमारांचं काय होणार, हे सगळे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं ज्या कागदांत आहेत ते कागद सामान्य माणसाच्या हातात सहज येत नाहीत. म्हणून ज्याच्या तोंडी आकडा असेल तो जाणकार ठरतो.

तेव्हा इथे प्रश्न लोकांच्या अडाणीपणाचा नाही. शंका आली तर विचारायचं कुणाला, हा आहे.

पाड्यावर पोचणारी माणसं

या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्याला पूर्वीपासून माहीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आल्या तेव्हा आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून त्यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा मुलांच्या दारात नेली. नंतर कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, ग्राममंगल, जव्हार-मोखाड्यातलं आरोहन, वाड्याजवळच्या सोनाळ्यातलं क्वेस्ट अशा अनेकांनी इथे मुळं धरली. यांच्याबरोबर आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांच्या ताई आहेत. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत पाड्यापर्यंत पोचणारी, वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा घरांत पाणी पिणारी हीच माणसं आहेत.

पाड्यावरची बाई तिला आलेला संदेश सत्यपडताळणीच्या संकेतस्थळावर टाकून बघणार नाही. ती ताईला विचारेल, सरांना विचारेल. म्हणून संस्थांना प्रशिक्षण देण्यात अर्थ आहे. कार्यकर्ता शहाणा झाला तर त्याच्यामागची शेदोनशे घरं शहाणी होण्याची शक्यता तयार होते. उलटही खरं आहे. कार्यकर्त्यानेच खोटा संदेश पुढे पाठवला तर तो खरा ठरतो, कारण तो त्याच्याकडून आलेला असतो.

संस्थेकडे इमारत असो नसो, निधी असो नसो, लोकांचा विश्वास ही एकच खरी ठेव असते. डिजिटल सुरक्षा आणि अपमाहिती हे प्रशिक्षणाचे दोन वेगळे विषय वाटतात. पण दोन्हींचा हल्ला होतो तो याच ठेवीवर.

आधी आपलं घर

बहुतेक लहान संस्थांचं डिजिटल जग असं असतं. एक जीमेल खातं, ज्याचा पासवर्ड तीन-चार जणांना माहीत आहे आणि त्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आहे. फेसबुक पानाचा ताबा कुणा जुन्या स्वयंसेवकाकडे. लाभार्थ्यांच्या याद्या, आधारच्या प्रती, बँक पासबुकांचे फोटो कार्यकर्त्यांच्या खासगी फोनमध्ये, आणि ते फोन घरी मुलं खेळायला घेतात. हा आळशीपणा नाही. प्रकल्पाच्या पैशात माणसाचा पगार बसतो, फोन बसत नाही.

त्यामुळे चांगलं प्रशिक्षण भाषणाने सुरू होत नाही, मोजदादीने सुरू होतं. आपल्याकडे कुणाची कोणती माहिती आहे, ती कुठे आहे, ती कोण उघडू शकतं, आणि त्यातली कुठली आपल्याला मुळात लागतच नाही? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायला घेतली की अर्धा दिवस जातो आणि बरीच झोप उडते. मग पुढची कामं साधी असतात. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लावायचा. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणी कितीही ओळखीचा असला तरी सांगायचा नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून आलेली ‘एपीके’ (ॲप बसवणारी) फाइल उघडायची नाही. सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करायचा. देणगीदाराने बँक खातं बदललं किंवा आपलं बदललं अशी मेल आली, तर मेलला उत्तर न देता जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब तक्रार करायची, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

एका बचत गटाच्या ताईचं व्हॉट्सॲप खातं चोरीला गेलं तर काय होतं, याचा विचार करून बघावा. चोर तिच्या नावाने दोनशे बायकांना ‘अडचण आहे, दोन हजार पाठव’ म्हणून लिहितो. पैसे जातात ते जातातच. पण पुढच्या वेळी तीच ताई लसीबद्दल किंवा वादळाबद्दल काही सांगेल, तेव्हा बायका दोनदा विचार करतील.

मुलांच्या बाबतीत कायदाही कडक आहे. पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ पीडित मुलाची ओळख उघड करू देत नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. कुपोषित बाळाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकण्याची जी सवय संस्थांना आणि त्यांच्या देणगीदारांना लागली आहे, ती या कायद्याच्या आधीही चुकीचीच होती. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हापासून इथली मुलं छायाचित्रांत फार दिसली आहेत. त्यांच्या आईबापांना विचारून किती वेळा, हे कुणी मोजलेलं नाही.

हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना याहून मोठा धोका असतो. २०१९ मध्ये ‘पेगॅसस’ हेरगिरीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपने ज्यांना इशारे पाठवले, त्यांत महाराष्ट्रातले वकील आणि कार्यकर्ते होते. पाड्यावरच्या संस्थेवर असा हल्ला होण्याची शक्यता कमी. पण जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्याने आपला फोन वेळोवेळी अद्ययावत ठेवणं आणि अनोळखी दुव्यांपासून लांब राहणं ही चैन नव्हे.

पडताळणीची शिडी

यापुढचा भाग अपमाहितीचा. याचं साहित्य आता मुबलक आहे. डेटालीड्स आणि इंटरन्यूज यांच्या ‘फॅक्टशाला’ उपक्रमाने २०२० पासून देशभर माध्यमसाक्षरतेचे वर्ग घेतले. मुंबईतल्या रिस्पॉन्सिबल नेटिझमसारख्या संस्थांनी शाळा-महाविद्यालयांत सायबर सुरक्षेचं काम केलं. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे छापला गेला हे शोधणं, चित्रफितीतली पाटी, वाहनाचा क्रमांक, भाषा बघणं, हे तासाभरात शिकवता येतं. कराचीची चित्रफीत अशीच पकडली गेली.

पण पालघरच्या अफवा नेहमी अशा नसतात. ‘काल रात्री कासाजवळ पांढरी गाडी फिरत होती’ या वाक्याला फोटो नसतो. ते वारलीत बोललेल्या आवाजी संदेशात येतं. दिल्ली-मुंबईतला कोणताही पडताळणी कक्ष ते तपासणार नाही, त्याला ती भाषाही कळणार नाही. अशा बातमीसाठी गावातच शिडी हवी. पहिली पायरी, पाहणारा प्रत्यक्ष कोण? त्याचं नाव विचारायचं. दुसरी, पोलीस पाटील. तिसरी, पोलीस ठाणं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथल्या एका ठरावीक माणसाचा नंबर. चौथी, उत्तर मिळेपर्यंत ‘आम्ही विचारलंय, अजून कळलेलं नाही’ असं ग्रुपवर लिहायचं. ही चौथी पायरी सर्वांत अवघड, कारण ‘माहीत नाही’ म्हणायला धैर्य लागतं. पण तेवढ्या एका वाक्याने रात्रीचा पहारा सकाळपर्यंत थांबू शकतो.

योजनांच्या बाबतीत शिडी आणखी छोटी. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तसे बनावट संकेतस्थळांचे इशारे सरकारलाच द्यावे लागले. दीड हजारांच्या आशेने आधार आणि ओटीपी देऊन बसलेल्या बाईला फसवणूक आणि अपमाहिती यांतला फरक कळण्याचं कारण नाही. तिला एवढंच सांगायचं की अर्ज भरण्याआधी पत्ता ताईला दाखव.

एका दिवसाचं प्रमाणपत्र

या प्रशिक्षणांचा उपयोग होतो का? याचं उत्तर आपल्यासारख्याच परिस्थितीत शोधलं गेलं आहे. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभराचं प्रशिक्षण दिलं. सरासरीने बघितलं तर खोटी बातमी ओळखण्यात विशेष फरक पडला नाही. तासभराच्या शिकवणीने आयुष्यभराच्या ओढी बदलत नाहीत.

पण पुढे त्याच बिहारमध्ये मोठा प्रयोग झाला. ‘जीविका’ या सरकारी अभियानाबरोबर, ५८३ गावांत, आठवी ते बारावीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांवर. वर्ग चौदा आठवड्यांच्या काळात टप्प्याटप्प्याने झाले. काही महिन्यांनंतरही मुलांची खरंखोटं ओळखण्याची क्षमता टिकली, आणि तिचा परिणाम घरी पालकांपर्यंत पोचला. ‘जीविका’ म्हणजे आपल्या ‘उमेद’चं बिहारी भावंड. जे तिथल्या गावांत होऊ शकतं ते जव्हार-विक्रमगडच्या आश्रमशाळांत न होण्याचं कारण नाही. फरक एवढाच, तिथे वर्ग पुन्हा पुन्हा भरले. आपल्याकडे हॉल, पाहुणे, चहा, प्रमाणपत्र, गटफोटो आणि संपलं.

आणखी एक अट आहे, आणि ती सरकारला लागू होते. संस्थेने विचारल्यावर उत्तर देणारा अधिकारी हवा. केंद्र सरकारने आपल्याबद्दलची ‘खोटी’ माहिती स्वतःच ठरवणारा पडताळणी कक्ष नियमांत आणला होता. विनोदकार कुणाल कामरा यांच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. २०१२ चं पालघर आठवलं की त्यामागची काळजी समजते. खरं काय हे ठरवण्याचा एकाधिकार आणि चुकीसाठी तुरुंग, या जोडीतून माणसं शहाणी होत नाहीत, गप्प होतात. आणि गप्प झालेला गाव अफवेसाठी सर्वांत सुपीक. म्हणून प्रशासनाकडून शिक्षेची धमकी नको, वेळेवरचं उत्तर हवं: कारखान्यात काय झालं, धक्का किती रिश्टरचा होता, कुठल्या गावची जमीन मोजली जाणार.

पालघरमध्ये पुढची अफवा येणारच आहे; ती बंदराबद्दल असेल, वायुगळतीबद्दल, मतदार यादीबद्दल किंवा मुलं पळवणाऱ्यांबद्दल. तोवर किती कार्यकर्त्यांना प्रमाणपत्रं वाटली हा आकडा निरर्थक आहे. किती पाड्यांवर असा एक माणूस आहे ज्याचा फोन सुरक्षित आहे, ज्याच्याकडे ठाण्यातला एक नंबर आहे आणि जो रात्री दहा वाजताही ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणेल, हे मोजायला हवं. देणगीदारांनी आपल्या अहवालात तेवढा एक रकाना घालावा.